वापरलेलं ग्राफिक्स कार्ड: आधी तापवून पाहा, मग पैसे द्या

प्रश्न थोडक्यात असा. मशीनमध्ये रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. जवळपास सारख्याच पैशांत एकीकडे वापरलेलं आरटीएक्स ३०८० (१० जीबी) मिळतंय, दुसरीकडे नवं कोरं आरटीएक्स ४०६०. विकणारा सांगतो, ‘मायनिंग कधीच केलं नाही, फक्त गेम खेळलो.’ घ्यावं का?

या मशीनसाठी ते ३०८० घेऊ नका. मात्र त्याचं कारण मायनिंग (कार्ड दिवसरात्र चालवून क्रिप्टोचलन कमावणं) नाही आणि कार्डाचं वयही नाही. कारण तुमचं बाकीचं मशीन आहे. वापरलेलंच घ्यायचं असेल तर आरटीएक्स ३०६० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी शोधा. त्यातही एक अट सोडू नका: पैसे देण्याआधी कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहायला मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर सरळ नवं ४०६० घ्या आणि वॉरंटीच्या भरवशावर निवांत राहा.

आता कारणं, आणि तपासणी नेमकी कशी करायची ते.

बाकीचं मशीन काय पेलतं

३०८० ची वीजमर्यादा ३२० वॉट आहे. रायझन ५ ३६०० पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० धरा. बेरीज ४५८. कागदावर हे ५५० मध्ये बसतं, पण एनव्हीडियाच्या ३० मालिकेतली मोठी कार्डं काही मिलिसेकंदांपुरती आपल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात. मल्टिमीटरला किंवा सॉफ्टवेअरला ती दिसत नाही, पॉवर सप्लायच्या संरक्षक सर्किटला मात्र दिसते. मग गेम रंगात आलेला असताना मशीन एकदम बंद पडतं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, नुसता अंधार. बहुतेक जण अशा वेळी कार्डालाच दोष देतात. एनव्हीडियाने ३०८० साठी ७५० वॉटच्या सप्लायची शिफारस केली ती उगाच नाही. म्हणजे ३०८० च्या किमतीत चांगल्या ७५० वॉटच्या सप्लायची किंमत मिळवा, आणि मग ४०६० शी तुलना करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण प्रोसेसरची. १०८०पी वर ३०८० इतकं वेगवान आहे की अनेक गेममध्ये ३६०० त्याला पुरेसं काम देऊच शकत नाही. कार्ड ६०–७० टक्क्यांवर रेंगाळतं आणि फ्रेम तेवढ्याच मिळतात जेवढ्या निम्म्या ताकदीच्या कार्डावर मिळाल्या असत्या. १४४० पी चा मॉनिटर असता तर हिशोब बदलला असता, कारण तिथे ओझं कार्डावर सरकतं.

नव्या ४०६० लाही या बोर्डावर एक छोटी उणीव आहे. ते पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) ८ लेनचंच कार्ड आहे आणि बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा स्लॉट देतो, म्हणजे बोर्डाशी देवाणघेवाण निम्म्या वेगाने. एरवी यात दोन-चार टक्क्यांचाच फरक पडतो. पण गेमने ८ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) ओलांडली की कार्ड सिस्टिमच्या रॅमकडे धावतं आणि ती धाव या अरुंद रस्त्यावरून होते. तिथे धक्के जाणवतात. ३०६० टीआय पूर्ण १६ लेनचं आहे, त्याची मेमरी बस २५६ बिटची आणि बँडविड्थ सेकंदाला ४४८ जीबी. ४०६० ची बस १२८ बिटची, बँडविड्थ २७२. १०८०पी वर दोघांचा वेग जवळपास सारखा, वरच्या रिझोल्यूशनला ३०६० टीआय पुढे. ४०६० च्या बाजूने दोन गोष्टी: ते ११५ वॉटमध्ये चालतं (३०६० टीआय २०० वॉट घेतं) आणि त्यात डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः तयार केलेल्या फ्रेम) आहे. आरएक्स ६७०० एक्सटी २३० वॉटचं, पण त्यात १२ जीबी व्हीरॅम आहे. पुढची तीन-चार वर्षं टेक्श्चर ‘हाय’वर ठेवायचं असेल तर मला हाच आकडा महत्त्वाचा वाटतो. व्हीरॅम कमी पडल्याचं सरासरी एफपीएसमध्ये कळत नाही. ते कॅमेरा फिरवताना बसणाऱ्या झटक्यांत आणि उशिरा उमटणाऱ्या धूसर भिंतींत कळतं.

फार जुन्याकडे मात्र वळू नका. जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ चं ११ जीबीचं दणकट कार्ड. पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नाही आणि २०२४ च्या अखेरीपासून ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारखे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. शिवाय एनव्हीडियाने १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट. एएमडीची आरएक्स ५८० च्या वर्गातली कार्डंही मुख्य ड्रायव्हरमधून बाजूला गेली आहेत. जुने गेम आणि ऑनलाइन शूटर एवढंच खेळणाऱ्याला ती चालतील, तेही किंमत खरोखर नाममात्र असेल तर.

किती द्यायचे

कार्ड नवं असताना कितीला घेतलं होतं, हा आकडा विसरा. २०२१ च्या टंचाईत लोकांनी भलत्याच किमती मोजल्या. ती भरपाई तुम्ही करायची नाही. तुलना आजच्या नव्या कार्डाशी करायची, आणि तीही सारख्या वेगाच्या. ढोबळ जोड्या लक्षात ठेवा: ३०८० म्हणजे साधारण ४०७०, ३०७० म्हणजे ४०६० टीआय, ३०६० टीआय म्हणजे ४०६० किंवा किंचित वर.

सारख्या वेगाचं नवं कार्ड १०० ला मिळत असेल तर माझी मोजपट्टी अशी. बिलासह वर्षभर तरी वॉरंटी शिल्लक आहे आणि ती दुसऱ्या मालकालाही चालते: ७५ पर्यंत. वॉरंटी नाही पण समोर अर्धा तास भारावर तपासलं: ६० ते ६५. न तपासता कुरिअरने: ५० च्या वर नाही, आणि खरं तर नाहीच. तपासणीत पंखा आवाज करतोय किंवा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलावी लागेल असं दिसलं तर तो खर्च या आकड्यातून वजा करून बोला.

विजेचाही हिशोब करा. ३०८० आणि ४०७० यांच्यात पूर्ण भारावर १२० वॉटचा फरक आहे. रोज तीन तास खेळलात तर वर्षाला सुमारे १३१ युनिट. तुमच्या दराने गुणा आणि कार्ड जितकी वर्षं वापरणार तितक्या वर्षांचा आकडा काढा. स्वस्त वाटणारं कार्ड कधी कधी इथे महाग पडतं.

वॉरंटीबद्दल एक बारीक गोष्ट: काही कंपन्या सीरियल नंबरवरून मोजतात, काही फक्त मूळ बिलावरून, आणि काही दुसऱ्या मालकाला देतच नाहीत. ‘वॉरंटी आहे’ यावर विसंबू नका. सीरियल नंबरचा फोटो आधीच मागवा आणि कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

मायनिंग झालं असेल तर

इथेरियम या क्रिप्टोचलनाचं जाळं १५ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या पद्धतीवर गेलं आणि ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग त्या दिवशी संपलं. तेव्हा बाजारात आलेली कार्डं आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यामुळे ‘मायनिंग केलं नाही’ असं सांगणारा माणूस खरंही बोलत असेल. त्याच्या आधीच्या मालकाचं त्याला काय माहीत? हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कार्डाकडे पाहण्यात आहे.

मायनिंगमध्ये नेमकं काय झिजतं ते समजलं की भीती कमी होते. मायनर कोअरचा (मुख्य चिपचा) व्होल्टेज उतरवून ठेवतात आणि कार्ड दिवसरात्र एकाच तापमानाला चालतं. सोल्डरला त्रास होतो तो तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांचा, आणि त्या इथे कमी असतात. म्हणून कोअर बहुधा ठणठणीत निघतो. झिजतात ते पंखे: वर्षाचे ८,७६० तास. रोज तीन तास खेळणाऱ्याला तेवढे तास भरायला आठ वर्षं लागतात. आणि भोगते ती मेमरी, कारण तिचा वेग वाढवून ठेवलेला असतो. जीडीडीआर६एक्स मेमरी असलेल्या कार्डांत (३०७० टीआय, ३०८०, ३०९०) ती महिनोन्‌महिने शंभर अंशांच्या पुढे राहिलेली असू शकते. ३०९० मध्ये तर निम्म्या चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत, जिथे हवा पोचतच नाही.

याची खूण डोळ्यांना दिसते. टॉर्च घ्या आणि कूलर व बोर्ड यांच्यामधल्या फटीतून कडेने आत पाहा. मेमरीच्या चिप कोअरच्या भोवती कोंडाळं करून बसलेल्या असतात आणि त्यांच्यावर उष्णता कूलरकडे नेणारे मऊ थर्मल पॅड. खूप तापलेल्या पॅडमधून सिलिकॉनचं तेल पाझरतं. चिपच्या कडेला, आजूबाजूच्या बारीक भागांवर चकचकीत ओलसर थर दिसतो आणि त्यावर धूळ चिकटून करडी झालेली असते. तेल स्वतः वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तेवढ्याने कार्ड बाद होत नाही. पण पॅड कोरडे पडले आहेत आणि बदलावे लागणार, एवढं त्यातून नक्की कळतं.

आरएक्स ४७० ते ५८० या कार्डांत आणखी एक भानगड असते: मायनिंगसाठी बदललेला बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर). अशा कार्डावर एएमडीचा नेहमीचा ड्रायव्हर चढत नाही, किंवा चढला तरी गेममध्ये चित्र फुटतं. मूळ बायोस परत टाकता येतो. कार्डावर दोन बायोसचा छोटा स्विच असेल तर तो सरकवूनही काम भागू शकतं.

समोर बसून तपासणी

जाण्याआधी विकणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. कार्ड मशीनमध्ये लावलेलं असू द्या, आणि तुम्ही पोचेपर्यंत ते मशीन बंद राहू द्या. पहिलीचं कारण उघड आहे. दुसरीचं असं की काही बिघाड थंड असतानाच दिसतात. सोल्डरच्या बारीक भेगा गरम झाल्यावर तात्पुरत्या मिटतात आणि कार्ड शहाण्यासारखं वागतं. तुम्ही गेलात आणि मशीन आधीच तासभर चालू असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय असं धरून ते बंद करायला सांगा, वीस मिनिटं गप्पा मारा आणि मग सुरू करा. ‘कार्ड काढून डब्यात ठेवलंय, पण चालतं’ असं असेल तर तपासणीसाठी मशीन कुणाचं, ते आधी ठरवा. नाहीतर जाऊ नका.

आधी बंद कार्ड बाहेर काढून नीट पाहा. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांपैकी एकही जळालेली किंवा उचकटलेली नको. त्या पट्टीच्या टोकाला, जिथे स्लॉटची कडी अडकते, तिथे बोर्डावर केसासारखी भेग आहे का ते तिरप्या उजेडात बघा. जड कार्ड आधाराशिवाय लटकत राहिलं की बोर्ड नेमका इथे तडकतो, आणि ही भेग दुरुस्त करणं अवघड असतं. वीज देणाऱ्या कनेक्टरच्या आत पाहा. आठ पिनांचा असो की नवा सोळा पिनांचा, प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं किंवा एखादं भोक किंचित वितळून गोलाई हरवलेलं दिसलं तर तिथे सैल जोडणीने उष्णता झाली आहे. सौदा तिथेच थांबवा. कोअरच्या आजूबाजूला बोर्ड तपकिरी पडलाय, फ्लक्सचा (सोल्डर करताना लावायच्या रसायनाचा) चिकट डाग आहे किंवा जवळचं प्लास्टिक वाकलंय, तर कुणीतरी हीट गनने तो शेकला आहे. असं मेलेलं कार्ड शेकून काही दिवस, फार तर काही आठवडे जिवंत राहतं. स्क्रूची डोकी घासलेली असणं हा गुन्हा नाही. पेस्ट बदलणाऱ्या हौशी माणसाचं कार्ड बऱ्याचदा चांगलं राखलेलं असतं. विचारा मात्र, कधी उघडलं, पॅड कोणत्या जाडीचे टाकले. उत्तर अडखळत आलं तर पुढचे तापमानाचे आकडे अधिक बारकाईने बघा.

मशीन सुरू केल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडा. नावापुढे ‘फेक’ असं दिसलं तर विषय संपला. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये नवं नाव भरून विकण्याचा धंदा बराच जुना आहे. नाव बरोबर असलं तरी आकडे ताडून पाहा. ३०६० टीआयमध्ये शेडर (गणना करणारी छोटी एककं) ४,८६४ हवेत, १० जीबीच्या ३०८० मध्ये ८,७०४. साध्या ३०६० चे दोन प्रकार आहेत: १२ जीबी आणि १९२ बिटचा चांगला, ८ जीबी आणि १२८ बिटचा बराच हळू. आरएक्स ५८० चं ‘२०४८ एसपी’ हे वेगळंच, कमी ताकदीचं कार्ड आहे; खऱ्या ५८० मध्ये २,३०४ शेडर असतात. नावाच्या शेवटी ‘एम’ किंवा ‘लॅपटॉप’ दिसलं तर लॅपटॉपची चिप डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवलेली आहे. ती चालते, पण वॉरंटी आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तुम्ही एकटे पडता. ‘बस इंटरफेस’च्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी लावा. १६ लेनचं कार्ड भारावरही ८ किंवा ४ लेन दाखवत असेल तर कार्ड एकदा काढून, पट्ट्या पुसून परत लावायला सांगा. तरी सुधारलं नाही तर बोर्ड दोषी की कार्ड, हे तिथे ठरवता येणार नाही. नको ते कार्ड.

मग भार. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामचं सेन्सरचं पान उघडं ठेवा आणि युनिजिन सुपरपोझिशन ही चाचणी किंवा एखादा जड गेम तीस मिनिटं चालवा. फरमार्क ही चाचणी पाच मिनिटं पुरे; तो वीज जास्त खेचतो खरा, पण आधुनिक कार्डं त्यात घड्याळ (क्लॉक, म्हणजे चिपचा वेग) उतरवून घेतात, त्यामुळे गेममध्ये वरच्या वेगाला येणारी अस्थिरता त्यात लपून जाते. तीन तापमानं बघायची: कोअर, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) आणि मेमरी. कोअर ८० च्या आत असावा. कोअर आणि हॉटस्पॉट यांच्यात १० ते १५ अंशांचं अंतर निरोगी समजा; २५ च्या पुढे गेलं तर पेस्ट कोअरवरून सरकून बाहेर गेली आहे किंवा कूलर तिरका बसला आहे. एएमडीच्या ६००० मालिकेत हे अंतर जरा जास्त असतं आणि हॉटस्पॉट ११० पर्यंत मर्यादेत धरतात, तरी शंभरीच्या आत असलेलं बरं. मेमरीचं तापमान एनव्हीडियाच्या जीडीडीआर६एक्स कार्डांत आणि एएमडीच्या ६००० मालिकेत दिसतं; साधी जीडीडीआर६ असलेल्या ३०६० टीआयमध्ये ते दिसतच नाही, तिथे घाबरू नका. खोली ३२ अंशांची असेल तर २२ अंशांच्या खोलीपेक्षा सगळे आकडे साधारण दहाने चढे असणार, हेही लक्षात असू द्या.

थकलेले पॅड असलेलं ३०८० कसं वागतं ते पाहा. पाचव्या मिनिटाला कोअर ७०, हॉटस्पॉट ८३, मेमरी ९२, सगळं छान. दहाव्या मिनिटाला कोअर तोच, मेमरी १०४. पंधराव्या मिनिटाला मेमरी ११० ला टेकते, पंखे गरजायला लागतात आणि कोअरचं घड्याळ १,८५० मेगाहर्ट्झवरून पायरी-पायरीने खाली उतरतं, कोअर मात्र अजूनही ७० च्याच आसपास. पाच मिनिटांत चाचणी आटपणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. अर्ध्या तासाचा आग्रह आहे तो यासाठी.

चालू असताना चित्राकडेही डोळे लावा. एकाच जागी उमटणारे रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आकाशात ताणले जाणारे त्रिकोण: हे बहुधा मेमरीचे किंवा तिच्या सोल्डरचे बिघाड असतात. ‘ड्रायव्हर बदलला की जाईल’ हे उत्तर मान्य करू नका. त्यानंतर ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅमची चाचणी, ८० टक्के मेमरी निवडून, दहा मिनिटं. एकही चूक आली तरी कार्ड नको. इथे ‘फक्त दोनच आल्या’ असं काही नसतं. नव्या मेमरीत चुका ओळखून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय असते, त्यामुळे कधी कधी चित्र स्वच्छ राहतं आणि वेग तेवढा घटतो. म्हणून थ्रीडीमार्कची टाइम स्पाय ही वेगाची चाचणी एकदा चालवा. ३०६० टीआयचा ग्राफिक्स स्कोअर साडेअकरा हजारांच्या आसपास येतो; तो दहा हजारांच्या खाली असेल आणि तापमान व वीज नेहमीसारखीच दिसत असेल तर संशय धरा.

पंखे ॲफ्टरबर्नर या प्रोग्राममधून ३०, ५०, ७० आणि १०० टक्क्यांवर चालवा आणि कान जवळ नेऊन ऐका. हवेचा आवाज ठीक. खरखर किंवा ठरावीक तालातली टकटक म्हणजे बेअरिंग संपलं. डेस्कटॉपवर पंखे थांबलेलेच असतील तर तो बिघाड नाही. बरीच कार्डं ५०–६० अंशांपर्यंत पंखे फिरवतच नाहीत. बारीक चिरचिर, जी एफपीएस वाढले की तीव्र होते, ती कॉइल व्हाइन. त्रासदायक आहे, धोकादायक नाही. पंखे बदलणं सोपं असतं: मधल्या स्टिकरवरचा क्रमांक, व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि कनेक्टरच्या पिना जुळल्या की झालं.

उठण्याआधी प्रत्येक डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय एकदा वापरून पाहा, मशीन झोपवून जागं करा, आणि पूर्ण तापलेल्या अवस्थेत एकदा रीस्टार्ट करा. गरम असताना चित्र परत न येणं हाही बहुधा सोल्डरचाच दोष.

कुरिअरने घ्यायचंच असेल तर पैसे माल तपासेपर्यंत मध्यस्थाकडे अडकून राहतील अशीच सोय वापरा, बंद खोक्यापासून सीरियल नंबरपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा आणि वरची सगळी चाचणी त्याच दिवशी करा. परतीची मुदत संपत असताना नव्हे. कूलरखाली कोअर आणि मेमरीच्या चिपच काढून घेतलेली महागडी कार्डंही विकली गेली आहेत; वजन बरोबर, खोकं बरोबर, आत नुसता बोर्ड.

घरी आणल्यावर

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून पुसणारा प्रोग्राम) काढून नवा टाका. तापमान ठीक असेल तर हौसेने कूलर उघडू नका. पॅड १, १.५, २ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीचे असतात, एकाच कार्डात दोन-तीन जाड्या असू शकतात, आणि अर्धा मिलिमीटर जाड पॅड पडला की कूलर कोअरवर टेकतच नाही. चांगलं कार्ड हाताने बिघडवल्यासारखं होतं. उघडणं भागच असेल तर आधी त्याच मॉडेलच्या जाड्या शोधा, किंवा थर्मल पुटी वापरा, ती दाबली जाते आणि जाडीची चूक पोटात घालते.

कार्डावर दोन कनेक्टर असतील तर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल ओढा, एकाच केबलच्या दोन शेपट्या नकोत. दुसऱ्या सप्लायची मॉड्युलर केबल तर मुळीच लावू नका: टोकं बसतात, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि १२ व्होल्ट भलत्याच तारेत गेले की कार्ड पहिल्याच क्षणी जातं.

शेवटी अंडरव्होल्ट, म्हणजे जवळपास तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवणं. ॲफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा, ८५० मिलिव्होल्टचा बिंदू १,८०० मेगाहर्ट्झवर न्या आणि त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट करा. गेम कोसळला तर ८७५ मिलिव्होल्टवर तोच प्रयोग करा. ३०६० टीआय यात बहुधा २०० ऐवजी १६०–१७० वॉटवर येतं, फ्रेम एक-दोन टक्क्यांनीच कमी होतात, पंखे शांत राहतात आणि तुमच्या ५५० वॉटच्या सप्लायला दोनशेहून जास्त वॉटची मोकळीक उरते.